चूक मान्य, पण बिल दाखवा!

शेवटचा पेपर झाला की ग्रुपवर पहिला मेसेज येतो, ‘गोवा?’ आमच्याही ग्रुपवर आला आणि नुसत्याच ठरणाऱ्या ट्रिपांमधली ही एक ट्रिप चक्क निघाली. आम्ही पाच जण होतो. पुण्याहून रात्रीची बस घेतली, सकाळी म्हापशाला उतरलो आणि तीन दिवसांसाठी एक छोटी कार भाड्याने घेतली. दिवसाला १,८०० रुपये भाडं, ५,००० रुपये डिपॉझिट आणि तारण म्हणून आमच्यातल्या एकाचं ओरिजनल लायसन्स. काउंटरवर दोन पानी करार पुढे आला. कुणीही न वाचता त्यावर सही झाली, कारण बाहेर ऊन होतं आणि डोक्यात समुद्र.

तिसऱ्या दिवशी एका अरुंद गल्लीत गाडी रिव्हर्स घेताना मागचा बंपर चिऱ्याच्या भिंतीला घासला. डाव्या कोपऱ्यावर वीतभर ओरखडा उठला आणि त्यावर चिऱ्याची लाल धूळ बसली. चूक आमचीच होती. मागे बघायला उतरलेला मित्र मोबाइलमध्ये बघत होता, हेही खरं.

गाडी परत करताना आम्ही स्वतःहून ओरखडा दाखवला. मालकाने एक नजर टाकली आणि कॅल्क्युलेटर काढला. नवा बंपर ९,५००, पेंटिंग ३,५००, गाडी गॅरेजमध्ये उभी राहील त्या तीन दिवसांचं भाडं ५,४००. एकूण १८,४०० रुपये. डिपॉझिट वजा जाता १३,४०० आत्ताच्या आत्ता द्या, नाहीतर लायसन्स मिळणार नाही. आमची बस दीड तासाने होती.

ज्याच्या हातात स्टिअरिंग होतं तो मित्र एकदम गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “मी देतो सगळे. फक्त घरी कळू देऊ नका.” त्याला महिन्याच्या खर्चाला घरून सहा हजार येतात. मेस, प्रवास, प्रिंटआउट, सगळं त्यातच. तेरा हजार तो कुठून देणार होता, देव जाणे. पण त्या क्षणी त्याला रकमेपेक्षा आपली चूक मोठी वाटत होती.

नेमका मुद्दा इथेच आहे. आपल्या हातून काही मोडलं, की आपण भाव करायचा हक्कच गमावला असं आपल्याला वाटतं. लहानपणापासून कपबशी फुटली की मान खाली घालायची सवय असते. पण चूक मान्य करणं वेगळं आणि समोरचा सांगेल ती रक्कम मान्य करणं वेगळं. आपण देणं लागतो ते झालेल्या नुकसानीचं. समोरच्याच्या अंदाजाचं नाही, आणि आपल्या अपराधी भावनेचं तर मुळीच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही फार शूरपणा केला नाही. बरीच हुज्जत घातली, शेवटी डिपॉझिटवर आणखी ३,००० यूपीआयने दिले आणि लायसन्स सोडवलं. शहाणपणाचं एकच काम केलं. बसमध्ये चढण्याआधी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, ‘ओरखडा आमच्याकडून पडला हे मान्य आहे. तुमच्याकडे आमचे ८,००० रुपये आहेत. दुरुस्तीचं पक्कं बिल पाठवा, त्याप्रमाणे हिशेब करू.’ सोबत ओरखड्याचे फोटो जोडले.

बिल आलं नाही. दोन आठवड्यांत तीन वेळा आठवण केली. ‘बघतो’, मग ‘मॅनेजर बाहेर आहे’, मग नुसत्याच निळ्या टिक. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आम्ही तक्रार केल्याचं मालकाला कळवलं आणि काही दिवसांतच बिल आलं. त्यात नव्या बंपरचा पत्ताच नव्हता! जुनाच बंपर रंगवला होता, खर्च ३,८००. गाडी एक दिवस उभी होती, त्याचे १,८००. एकूण ५,६००. आमचे २,४०० रुपये परत आले.

१८,४०० आणि ५,६००. या दोन आकड्यांमध्ये फक्त एक प्रश्न होता, ‘बिल कुठंय?’

कायदा याबाबत आपल्याला वाटतो त्यापेक्षा स्पष्ट आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम ७४ नुसार, करारात दंडाची रक्कम आधीच लिहिलेली असली तरी ती म्हणजे कमाल मर्यादा. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याने तर ‘अन्याय्य करार’ ही कल्पनाच आणली. ग्राहकाकडून अवाजवी डिपॉझिट घेणं किंवा झालेल्या नुकसानीशी काहीच प्रमाण नसलेला दंड लावणं, या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत आहेत. ‘कंपनी ठरवेल ती रक्कम अंतिम राहील’ असं करारात बारीक अक्षरात छापलं, म्हणून ते वाक्य दगडावरची रेघ होत नाही.

हेल्पलाइनने काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. जादा घेतलेले पैसे परत मागण्यासाठी तिथे दाद मागता येते. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही आणि तक्रार ऑनलाइन करता येते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, तक्रारदार राहतो तिथल्या आयोगातही तक्रार चालते. गाडी गोव्यात घेतली म्हणून पुण्याच्या मुलाला पणजीला खेटे घालावे लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. गाडी भाड्याने देणारा प्रत्येक जण लुटारू नसतो. अनेकांची एक-दोन गाड्यांवर रोजीरोटी असते आणि त्या गाड्यांचे हप्ते चालू असतात. हौस म्हणून किनाऱ्यावर गाडी घालून वाळूत रुतवणारे आपलेच भाऊबंद असतात. गाडी घासून, वर चिखल लावून गुपचूप परत करणारेही असतात. अशांमुळे मालक पुढच्या प्रत्येक पोराकडे संशयाने बघतो. म्हणून भांडायचा हक्क हवा असेल, तर आधी खरं बोलायची तयारी हवी. आम्ही ओरखडा लपवला असता, तर नंतर बिल कुठल्या तोंडाने मागितलं असतं?

पुढच्या वेळी मात्र भांडणाची वेळच येऊ नये म्हणून काही गोष्टी आम्ही ठरवून टाकल्यात. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी सावकाश व्हिडिओ काढायचा. नंबर प्लेट, दोन्ही बंपर, चारही रिम, काच, टप, किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा, सगळं त्यात यायला हवं. तो तिथल्या तिथे मालकाला पाठवायचा, म्हणजे वेळेची नोंद राहते. परत करतानाही हेच करायचं. नंबर प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी आहेत का ते बघायचं. भाड्याने स्वतः चालवायला देण्याची परवानगी असलेल्या गाडीची तीच खूण. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्त पडते. पण अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. ओरिजनल लायसन्स कुणाकडेही ठेवायचं नाही, फक्त झेरॉक्स द्यायची. आणि विमा आहे का, क्लेम केला तर आपल्याला किती भरावं लागेल, हे सहीच्या आधी विचारायचं. क्लेमचे पैसे विमा कंपनीकडून घ्यायचे आणि तेच आपल्याकडूनही घ्यायचे, हे चालू द्यायचं नाही.

पैसे परत आले त्या दिवशी ग्रुपवर हिशेब झाला. ५,६०० भागिले पाच, प्रत्येकी १,१२०. गाडी पाच जणांनी फिरवली, मग ओरखडाही पाच जणांचा. मित्र ‘नको रे’ म्हणत होता, आम्ही ऐकलं नाही. त्यानंतर त्याने घरी फोन करून सगळं सांगितलं. बाबा रागावतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी विचारलं एवढंच, “बिल घेतलंस ना?”

हाच प्रश्न आपण होस्टेलचं डिपॉझिट कापलं जातं तेव्हा, लॅबमधली काचेची नळी फुटते तेव्हा, भाड्याच्या खोलीच्या भिंतीला खिळ्याचं भोक पडतं तेव्हाही विचारायला हवा. मान खाली घालून नाही आणि आवाज चढवूनही नाही. चूक झाली, भरून देतो. पण आधी बिल दाखवा.