सुगंधी तेले, रक्ताची गुठळी आणि तुमची गोळी



सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे कामगार आहेत, विड्या वळताना तासन् तास बसून राहणाऱ्या महिला आहेत. गुडघे, कंबर दुखली की रात्री तेल चोळायचे, ही घरोघरची रीत. त्यात वावगे काही नाही. पण हल्ली "लवंगेच्या तेलाने गुठळी विरघळते, ब्लॉकेज निघतात" असे मेसेज मोबाइलवर फिरतात आणि लोक विचारतात, "डॉक्टर, मग गोळी बंद करू का?" माझे उत्तर आहे, अजिबात नाही.

का, ते समजून घेऊया.

करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल बिया दाबून निघते. सुगंधी तेल बहुधा वाफेच्या साहाय्याने काढलेला तीव्र अर्क असतो. लवंगेच्या तेलात युजेनॉल, ओव्याच्या तेलात थायमॉल, तर गंधपुऱ्याच्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेट असते. हे ॲस्पिरिनच्याच कुळातले रसायन.

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी बनते आणि रक्त थांबते. प्लेटलेट्सना चिकटायला सांगणारा एक पदार्थ आणि सूज वाढवणारे काही पदार्थ शरीरात एकाच एन्झाइमच्या मदतीने तयार होतात. ॲस्पिरिन तेच एन्झाइम अडवते. प्रयोगशाळेत युजेनॉलही प्लेटलेट्सचे चिकटणे कमी करते. म्हणजे मेसेजमधली गोष्ट अगदीच हवेतली नाही.

पण परीक्षानळीतले रक्त वेगळे आणि चालते-फिरते माणूस वेगळे. तेलातले किती औषध रक्तात पोहोचते, किती वेळ टिकते, हे दरवेळी बदलते. ॲस्पिरिनची परीक्षा माणसांवर झाली आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेले १७ हजारांहून अधिक रुग्ण होते. महिनाभर ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाले. कुठल्याही सुगंधी तेलाने अशी परीक्षा दिलेली नाही. म्हणून तेलाच्या भरवशावर गोळी सोडणे म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी बाजू अधिक काळजीची आहे. तेल गुणकारी असेल, तर ते अपायही करू शकते. गंधपुऱ्याच्या एका चमचाभर, म्हणजे ५ मिली तेलात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. हृदयरुग्णाला रोज देतात त्या ७५ मिलिग्रॅमच्या नव्वदहून अधिक गोळ्या! लहान मुलाने ते चुकून प्यायले तर जीव जाऊ शकतो. हृदयाची झडप बदललेले किंवा पायात गुठळी झालेले अनेक रुग्ण वॉरफरिन वा ॲसेनोकुमॅरॉल घेतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मिथाइल सॅलिसिलेट असलेली मलमे भरपूर चोळल्यावर आयएनआर वाढून रक्तस्राव झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वर गरम पाण्याची पिशवी ठेवली, तर औषध त्वचेतून आणखी जास्त शिरते.

माझे मत असे की, दोष फक्त रुग्णांचा नाही. आम्ही डॉक्टर "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" एवढेच विचारतो. तेल, मलम, काढा यांची चौकशी राहून जाते आणि रुग्णही "ते काय, साधे तेल" म्हणून सांगत नाही. हा प्रश्न प्रत्येक तपासणीत विचारला गेला पाहिजे.

तुम्ही एवढे करा:

• रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मलमाच्या ट्यूबवरचे घटक वाचा. मिथाइल सॅलिसिलेट किंवा गंधपुरा दिसला तर डॉक्टरांना विचारूनच वापरा.
• सुगंधी तेल पोटात घेऊ नका आणि मुलांच्या हाताला लागेल असे ठेवू नका.
• ऑपरेशन किंवा दात काढण्याआधी घरगुती उपायही सांगा.
• हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, काळी शौच दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दुखऱ्या गुडघ्याला साध्या तिळाच्या तेलाने हलके मालीश जरूर करा, बरे वाटते. गुठळीचे काम मात्र गोळीलाच करू द्या.