वाढ ८.२ टक्के आणि कांदा दहा रुपये

२०२५ च्या डिसेंबरातली गोष्ट. शनिवार होता, म्हणजे आमच्या काष्टीचा बाजाराचा दिवस. पुतण्या जनावरांच्या बाजारातून थेट घरी आला. हातात ट्रॅक्टरच्या शोरूमचा कागद. म्हणाला, "तात्या, घ्यावा का? सगळे म्हणतात यापेक्षा चांगली वेळ येणार नाही."

सगळे म्हणत होते ते खोटं नव्हतं. २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता. रिझर्व्ह बँकेने वर्षभरात रेपो दर ६.५० वरून ५.२५ वर आणला होता. त्यात पुण्याहून चिरंजीवांचा फोन. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत देशाची वाढ ८.२ टक्के जाहीर झाली आणि ऑक्टोबरची महागाई अवघी ०.२५ टक्के! "बाबा, असं क्वचितच होतं," म्हणाला.

मी पुतण्याला विचारलं, "कांद्याची पट्टी किती आली?"

किलोला दहा रुपये. त्यातून गोण्या, गाडीभाडं, हमाली वजा.

तर मंडळी, माझं म्हणणं इथूनच सुरू होतं. महागाई एवढी खाली आली ती कशामुळे? मुख्यतः खाण्याच्या जिनसांमुळे. त्या ऑक्टोबरात खाद्यपदार्थांचे भाव आदल्या वर्षीपेक्षा ५.०२ टक्क्यांनी उतरले होते. आदल्या ऑक्टोबरात, २०२४ ला, भाजीपाला कडाडला होता आणि एकूण महागाई ६.२१ टक्के होती. त्या उंचीवरून मोजलं की यंदाचा आकडा आणखीच लहान दिसणार. पण उतरलेला भाव कोणाचा तरी असतोच ना? पुण्यात पिशवी स्वस्त झाली ती काष्टीतल्या गोणीमुळे. चिरंजीव आणि पुतण्या एकाच आकड्याकडे बघत होते, एक घेणारा, दुसरा विकणारा. (माझी आणखी तिसरीच तऱ्हा. महागाई कमी, म्हणजे पेन्शनवरचा महागाई भत्ताही बेताचाच वाढणार!)

वर्गाची सरासरी ६० आली म्हणून मागच्या बाकावरचा पास होत नाही, हे मी नोकरीभर पालकांना सांगत आलो. देशाची वाढ ही अशीच सरासरी. ती खोटी नसते, पण तिच्यावरून एका घराने कर्ज काढू नये.

बाजारातसुद्धा एकच खूण मिळत नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ ला बंदी आली, डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने परवानगी दिली, मे २०२३ ला कायदा वैध ठरवला. तेव्हापासून पळणाऱ्या खोंडाची किंमत लाखात बोलतात. नांगराच्या बैलाला मात्र तेवढं गिऱ्हाईक नाही. नुसता खोंडाचा सौदा ऐकणारा म्हणेल, शेतकऱ्याकडे पैसाच पैसा!

असो. मी पुतण्याला वही काढायला लावली. उसाचा भाव आधी जाहीर होतो. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरली होती. तोडणी-वाहतूक वजा जाऊन का होईना, त्याचा हिशेब मांडता येतो. कांद्याचा येत नाही. याचा ऊस एकरभर, बाकी सगळा कांदा. हप्ता मात्र दर सहा महिन्यांनी ठरल्या तारखेला येणार. कांदा दहाचा असो की तीसचा, बँकेला त्याचं काय?

मी म्हटलं, नुसत्या उसावर हप्ता निघत असेल तर खुशाल घे. नसेल तर यंदा भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरून घे. दर कमी झाला म्हणून कर्ज फेडायला सोपं होत नाही, नुसतं काढायला सोपं होतं.

त्याला ते फारसं रुचलं नाही. "तात्या, तुम्हाला दर महिन्याला पेन्शन येते," म्हणाला. खरंच आहे ते. मी गप्प बसलो. चहा घेऊन तो गेला, शोरूमचा कागद टेबलावरच राहिला. चिरंजीवांना कळवलं तर ते म्हणतात, तुम्ही फार जुन्या विचाराचे. वाचणाऱ्यांपैकी शेती असलेल्यांनी आपला अनुभव जरूर लिहावा, त्याला वाचून दाखवीन.