साथ ओसरली, कायदा मात्र १८९७चाच!

मुंबई, खास प्रतिनिधी

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले आणि अवघ्या चार तासांत अवघा देश २१ दिवसांसाठी बंद झाला. या निर्णयामागे कोणत्या कायद्याचे बळ आहे, हे त्या रात्री कोणी विचारले नाही. शत्रू दारात उभा असताना असे प्रश्न विचारायचे नसतात, हे खरेच. परंतु शत्रू निघून गेल्यावरही ते विचारले जात नसतील, तर पुढच्या संकटाला देश तेवढ्याच बेसावधपणे सामोरा जाईल.

कुटुंब, धर्मसंस्था, सुव्यवस्था आणि काटकसरीचा कारभार यांना मानणारा परंपरानिष्ठ विचारप्रवाह आज देशाच्या राजकारणात प्रबळ आहे. हे प्रश्न खरे तर त्यानेच सर्वांत आधी विचारायला हवेत. सत्तेवर मर्यादा हवी आणि अपवादाचा नियम होता कामा नये, ही या विचाराची मूळ शिकवण आहे. सरकार आपले आहे म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही.

जमेची बाजू

सरकारच्या पदरात जे श्रेय पडते, ते मोकळेपणाने द्यायला हवे. अमेरिकेने नागरिकांच्या खात्यांत थेट पैसा ओतला, तेव्हा भारतानेही तसेच करावे, असा सल्ला अनेक अर्थतज्ज्ञ देत होते. केंद्राने तो मानला नाही. मे २०२० मध्ये जाहीर झालेल्या २० लाख कोटी रुपयांच्या पॅकेजचा मोठा हिस्सा कर्जहमी आणि रिझर्व्ह बँकेच्या उपायांचाच होता. त्यावर टीका झाली. मात्र जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा त्या संयमाचे मोल कळले. युक्रेन युद्धाचा तडाखा बसूनही भारतातील किरकोळ महागाई त्या वर्षी एप्रिलमध्ये ७.७९ टक्क्यांपर्यंत जाऊन उतरू लागली.

लसीकरणाचेही तेच. १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या मोहिमेत २२० कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या आणि त्यांतील बहुतांश लस पुण्यात तयार झाली. त्या काळात समाजवादी पक्षाचे अखिलेश यादव यांनी तिला ‘भाजपची लस’ म्हणून हिणवले होते. आपला पुरवठा आपणच खरेदी करू, असा आग्रह धरणारी काही राज्ये मे २०२१ मध्ये तो अधिकार मिळताच महिनाभरात हात वर करून मोकळी झाली. अखेर २१ जूनपासून केंद्राला खरेदीची मुख्य जबाबदारी पुन्हा आपल्याकडे घ्यावी लागली. विरोधकांनाही या काळाचा हिशेब द्यावा लागेल, तो यासाठी.

समाजाचा संयम

मात्र साथीचा खरा भार सरकारपेक्षा समाजाने उचलला. २०२० मध्ये संतांच्या पादुका एसटीने, मोजक्या वारकऱ्यांसह पंढरपूरला गेल्या. शतकांची पायी वारी थांबवणे सोपे नव्हते, पण वारकऱ्यांनी ते मान्य केले. लालबागच्या राजाच्या मंडळाने त्या वर्षी मूर्तीची प्रतिष्ठापना न करता रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा ‘आरोग्योत्सव’ केला. दंडुक्याच्या धाकाने एवढी शिस्त येत नाही. ती परंपरेच्या अंगी असलेल्या शहाणपणातून आली.

त्या शहाणपणाची कदर मात्र सत्तेने राखली नाही. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२० च्या आरंभी उपाहारगृहे आणि बार उघडले. मंदिरांना दिवाळी पाडव्यापर्यंत थांबावे लागले. गर्दीचा धोका हे कारण नाकारता येणार नाही. पण कोणते दार आधी उघडायचे, याचा निकष कुठे लिहिलेलाच नव्हता. त्यामुळे राज्यपाल आणि मुख्यमंत्री यांच्यात पत्रांची चकमक झडली आणि आरोग्याचा प्रश्न हिंदुत्वाच्या वादात हरवला.

निकष नसल्याची सर्वांत मोठी किंमत गरिबांनी मोजली. परराज्यांतील मजूर घरी कसे पोहोचणार, याचा विचार टाळेबंदीच्या आदेशात नव्हता. त्यांच्यासाठी श्रमिक रेल्वेगाड्या १ मे रोजी सुरू झाल्या. त्यानंतर आठवड्याने, ८ मे रोजी, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेल्या आणि तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. कुटुंबाला समाजाचा पाया मानणाऱ्यांना ही घटना विसरता येणार नाही, कारण ती माणसे आपल्या कुटुंबाकडेच निघाली होती.

संसद कुठे होती?

टाळेबंदी ज्या दोन कायद्यांच्या आधारे चालली, त्यांतील एक साथरोग प्रतिबंधक कायदा १८९७चा. मुंबईतील प्लेगनंतर इंग्रजांनी तो घाईने केला. मूळ कलमे अवघी चार. त्यांतले शेवटचे अधिकाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण देणारे. साथ म्हणजे काय, याची व्याख्या त्यात नाही. निर्बंध किती काळ चालावेत, नुकसान झालेल्याने कोणाकडे दाद मागावी, याविषयी एक शब्दही नाही. याच कायद्याच्या छायेत पुण्यात रँडच्या शिपायांनी घरे आणि देवघरे धुंडाळली. त्याचा शेवट चापेकर बंधूंच्या गोळीत झाला आणि त्यानंतरच्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. वसाहतवादाच्या खुणा पुसण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या राज्यकर्त्यांनी हाच कायदा जपून ठेवावा, हा विरोधाभास आहे.

दुसरा कायदा २००५चा, आपत्ती व्यवस्थापनाचा. भूकंप, पूर, त्सुनामी अशा थोड्या काळाच्या संकटांचा विचार करून झालेल्या या कायद्यातील अधिकार केंद्राने ३१ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे दोन वर्षे वापरले. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्यांचा विषय आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरणाऱ्या साथीचे नियंत्रण समवर्ती सूचीत येते. ही सीमारेषा ऑक्सिजनच्या वाटपापासून टाळेबंदीच्या आदेशापर्यंत रोज पुसली जात होती. त्याच काळात २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तास झाला नाही आणि हिवाळी अधिवेशन तर भरलेच नाही. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजनअभावी हाहाकार उडाला, तेव्हा त्याच्या वाटपासाठी कृतिदल नेमण्याची पाळी सर्वोच्च न्यायालयावर आली.

हिशेब आणि उधारी

मृतांचा हिशेबही अपुरा राहिला. करोनाच्या अधिकृत बळींची संख्या सुमारे ५ लाख ३३ हजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने केलेला ४७ लाखांचा अंदाज सरकारने फेटाळला आणि त्या गणिती पद्धतीवरील आक्षेप गैर नव्हते. पण २०२१ ची मृत्युनोंदणीची आकडेवारी मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या वर्षी १ कोटी २ लाख मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा सुमारे २१ लाख अधिक. नोंदणी सुधारल्याने काही वाढ झाली असेल. तरीही तेवढ्याने साऱ्या फरकाचा उलगडा होतो, असे म्हणणे कठीण आहे. पितरांचे स्मरण हे कर्तव्य मानणाऱ्या समाजात मृतांची खरी मोजदाद हा राजकारणाचा विषय होऊ नये.

जिवंतांच्या बाबतीत तात्पुरती मदत कायमची झाली. एप्रिल २०२० मध्ये तीन महिन्यांसाठी आलेली मोफत धान्याची योजना जानेवारी २०२४ पासून आणखी पाच वर्षांसाठी चालू ठेवण्यात आली. खर्चाचा अंदाज ११ लाख ८० हजार कोटी रुपयांचा. संकटात अन्न देणे हा राजधर्मच आहे. मात्र संकट संपल्यावर ८१ कोटी लोकांना स्वावलंबी करण्याऐवजी लाभार्थीच ठेवणे ही काटकसर नव्हे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७च्या कायद्यात आमूलाग्र दुरुस्ती करावी किंवा नवा कायदा आणावा, अशी शिफारस केली. केंद्र, राज्ये आणि स्थानिक संस्था यांचे अधिकार स्पष्ट करण्यास त्यात सांगितले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नीती आयोगाच्या तज्ज्ञगटानेही स्वतंत्र कायद्याची गरज मांडली. त्यानंतरच्या वर्षभरात असे विधेयक संसदेत आले नाही. २०२० मध्ये झालेली दुरुस्ती मुख्यतः आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांपुरतीच होती.

नव्या कायद्यात निर्बंधांना मुदत हवी, ती वाढवण्यासाठी संसदेची वा विधिमंडळाची संमती हवी, आणि रोजगार, प्रवास व प्रार्थनास्थळे यांविषयीचे निकष आधीच लिहिलेले हवेत. बहुमताचे आणि खंबीर नेतृत्वाचे सरकार असतानाच हे काम होऊ शकते. पुढची साथ येईल तेव्हा सत्तेवर कोण असेल, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. ते अधिकार उद्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती असतील, एवढे लक्षात घेऊन जरी राज्यकर्त्यांनी कायदा लिहायला घेतला, तरी तो चांगलाच होईल.