आईकडून काय येतं?

मंडळी, यंदा विज्ञानाच्या या पानाचा विषय जरा जड आहे, पण तो मंडळातूनच आलेला आहे. गणपतीच्या आरतीनंतर एका मैत्रिणीने हळूच विचारलं, "मायटोकाँड्रिया आईकडून येतात म्हणे, आणि कॅन्सरमध्ये त्यांचा डीएनए बिघडतो. मग माझं दुखणं मी लेकीला आधीच देऊन ठेवलंय का?"

मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीतल्या चुली. अन्नातून ऊर्जा काढायची ती तिथे. हे नाव 1898 मध्ये बर्लिनच्याच कार्ल बेंडा यांनी दिलं. केंद्रकातल्या मोठ्या डीएनएखेरीज या चुलींचा स्वतःचा छोटा डीएनए असतो: 16,569 अक्षरं, 37 जनुकं. एकेका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात. तो आईकडून येतो, इथवर मैत्रिणीचं बरोबर आहे.

कॅन्सरशी या चुलींचं नातं जोडलं तेही बर्लिनमध्येच, डालेमच्या ओटो वारबुर्ग यांनी. 1920 च्या दशकात त्यांना दिसलं, की गाठीतल्या पेशी ऑक्सिजन हाताशी असूनही साखर अर्धवट वापरतात आणि लॅक्टिक आम्ल सोडतात. चूल मोडते म्हणूनच कॅन्सर होतो, असं ते शेवटपर्यंत मानत होते. त्यांचं निरीक्षण टिकलं. साखरेची ही हाव पेट स्कॅनमध्ये आजही उपयोगी पडते. निष्कर्ष मात्र तसाच टिकला नाही. बऱ्याच गाठींमधल्या चुली चांगल्या चालू असतात.

काहींमध्ये मात्र बिघाड खरोखर सापडतो. 1998 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या 10 पेशीमालिका तपासल्या. त्यांपैकी 7 मध्ये चुलींच्या डीएनएत बदल होते. चूल बिघडली की तिथून केंद्रकाला संकेत जातात आणि तिथली कोणती जनुकं कामाला लागावीत, कोणती गप्प राहावीत, हे बदलतं. कधी ते गाठीच्या पथ्यावर पडतं. कधी तो बदल नुसता सोबतीला आलेला असतो. त्याने काही बिघडत नाही.

आपल्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. गाठीत सापडणारे असे बदल बहुतेक त्या माणसाच्या आयुष्यात, त्याच जागी झालेले असतात. लेकीला मिळतो तो बीजांडातला डीएनए. आतड्यातल्या किंवा स्तनातल्या गाठीतला बदल तिथे पोचत नाही.

मग आनुवंशिक कॅन्सर नसतोच का? असतो, साधारण 5 ते 10 टक्के रुग्णांमध्ये. पण त्याची ओळखीची जनुकं, उदाहरणार्थ बीआरसीए-1 आणि 2, केंद्रकात असतात. ती आईकडून येतात तशी वडिलांकडूनही येतात, आणि दोष असेल तर तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. "आईकडचं" म्हणून आपण मावशी-आजीची चौकशी करतो आणि आत्याची राहून जाते.

जर्मनीत 2010 पासूनच्या कायद्यानुसार, पुढे होऊ शकणाऱ्या आजारासाठी जनुकीय चाचणी करायची तर आधी तज्ज्ञांचा सल्ला देऊ करावा लागतो. तिथे पहिला प्रश्न असतो घरात कुणाला, कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी झाला हाच. आपल्याकडे या गोष्टी दबक्या आवाजात बोलतात, तारखा कुणी लिहून ठेवत नाही. दिवाळीच्या फोनवर फराळाची चौकशी झाली की दोन्हीकडच्या आज्या, आत्या, काकांबद्दल विचारून घ्या. आणि उत्तरं वहीत नीट उतरवून ठेवा.