दिल्लीच्या पोरांनी तोंड उघडायचे तरी कुठे?

१८ आणि १९ ऑक्टोबर २०२५. ट्रॅव्हिस स्कॉट नावाचा अमेरिकन रॅपर दिल्लीत आला आणि राजधानीने त्याच्यापुढे अख्खे जवाहरलाल नेहरू स्टेडियम अंथरले. वाहतूक वळवली, बंदोबस्त लावला, हजारोंच्या तिकिटांवर उड्या पडल्या. पडू द्या. पंतप्रधानांनी त्याच वर्षी जानेवारीत भुवनेश्वरला ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चा मंत्र दिलाच होता, साहेब लोक कामाला लागले. पण याच शहरात रोहिणीतला किंवा उत्तमनगरातला सतरा वर्षांचा पोरगा संध्याकाळी सातला बागेत बॅटरीवरचा स्पीकर घेऊन बसतो, दहा जण त्याच्याभोवती गोल करून उभे राहतात, आणि पाचव्या मिनिटाला दंडुका जमिनीवर आपटतो. ‘चलो, निकलो यहाँ से!’ परवानगी आहे का? कसली परवानगी? यमक जुळवायची? पोलिसांच्या कोशात ‘बीट’ म्हणजे गस्तीचा इलाखा, पोरांच्या कोशात ‘बीट’ म्हणजे ताल. ही दोन बीटे दिल्लीच्या एका बागेत मावत नाहीत!

परदेशातून येतो तो कलावंत आणि दिल्लीच्याच टिळकनगरातून येतो तो टवाळ, हा न्याय दिल्लीकरांना कोणी शिकवला?

बागेतून हाकललेल्या पोराने जावे कुठे? तर बारमध्ये. दिल्लीत लहान, स्वस्त सभागृहे मिळणे कठीण. आहेत त्यांचे भाडे ऐकूनच पोरगा घरी पळतो. म्हणून रॅपचे कार्यक्रम हौज खासच्या आणि गुरुग्रामच्या मद्यालयांत होतात. मालकाला गाण्याशी देणेघेणे नाही, त्याचे लक्ष टेबलावरच्या बिलाकडे. आणि दिल्लीचा २००९ चा अबकारी कायदा काय म्हणतो? पंचवीस वर्षांखालच्याला दारू देता येत नाही. म्हणजे दारावरचा पहिलवान आधार कार्ड बघणार आणि पोराला बाहेरच्या बाहेर वाटेला लावणार. अठराव्या वर्षी मत टाकून सरकार पाडता येते, एकविसाव्या वर्षी बोहल्यावर चढता येते, पण जे संगीत पोरांचेच आहे ते संगीत राजधानीत समोर बसून ऐकायचे, तर पंचविशी उलटायची वाट पाहायची. तोवर तो रॅपर म्हातारा होईल! हरियाणाने ही अट २०२२ मध्ये एकवीसवर आणली, म्हणून जमेल तो मेट्रो पकडून गुरुग्रामला जातो आणि शेवटच्या गाडीच्या धास्तीने अर्धा कार्यक्रम सोडून परत फिरतो. पोरांना दारू पाजा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दारू नसलेली जागा द्या, एवढेच म्हणतो. ती देण्याची बुद्धी एकाही सरकारला, मग ते कुठल्याही झेंड्याचे असो, झाली नाही.

परवान्यांची तऱ्हा तर विचारूच नका. जून २०२५ पर्यंत दिल्लीत सभागृह चालवायचे तर पोलिसांचा परवाना लागत असे; डिस्कोथेकला, पोहण्याच्या तलावाला आणि व्हिडिओ गेमच्या दुकानालाही तोच. नायब राज्यपालांनी तो अधिकार पोलिसांकडून काढून स्थानिक संस्थांकडे दिला, त्याचे कौतुक झाले. कागद एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेला! पोरगा अजून रांगेतच आहे.

आणि ही पोरे आहेत तरी कोण? दक्षिण दिल्लीत प्रेस एन्क्लेव्ह रस्त्याच्या एका बाजूला साकेतचे झगमगते मॉल आहेत आणि दुसऱ्या बाजूला खिडकी एक्स्टेन्शनच्या गल्ल्या. एका बाजूला वातानुकूलित दुकाने, पलीकडे एका खोलीत सहा माणसे. बिहार, उत्तर प्रदेश, उत्तराखंड, नेपाळ इथून पोटासाठी आलेल्यांची मुले या गल्ल्यांत बी-बॉइंगचा नाच शिकली, भिंती रंगवू लागली, रॅप लिहू लागली. शेजारच्या खोलीत अफगाण आणि आफ्रिकी भाडेकरू. या पोरांवर ई. गॅब्रिएल दत्तात्रेयन या मानववंशशास्त्रज्ञाने ‘द ग्लोबली फॅमिलिअर’ हे पुस्तक लिहिले, २०२० साली, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या प्रकाशनाकडून. परदेशी विद्यापीठाला जी पोरे दिसली ती रस्ता ओलांडून महापालिकेला दिसली नाहीत. दिसली ती मॉलच्या सुरक्षारक्षकाला!

बरे, बोलतात काय ही पोरे? २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांसाठी दिल्लीला रंगरंगोटी चालली होती, झोपड्या हलवून पडदे लावले जात होते, तेव्हा कृष्णा नावाच्या दिल्लीकर रॅपरने स्पर्धांमागच्या भ्रष्टाचारावर गाणे करून यूट्यूबवर टाकले. २०१७ मध्ये टिळकनगरच्या प्रभ दीपने ‘क्लास-सिख’ हा अल्बम काढला. टिळकनगर म्हणजे काय, ते समजून घ्या. १९८४ च्या कत्तलीत विधवा झालेल्या बायकांची वसाहत शेजारच्या टिळक विहारात आहे. त्या दु:खावर मीठ चोळायला नंतर नशा आली, आणि त्या नशेत बुडालेल्या गल्लीतला एक पोरगा पगडी बांधून उभा राहिला आणि आपल्या मेलेल्या मित्रांचा हिशेब मागू लागला. पुढच्याच वर्षी ‘सीधे मौत’ या जोडीचा ‘बयान’ आला, ‘क्लास-सिख’ काढणाऱ्या आझादी रेकर्ड्स या कंपनीकडूनच. जे अग्रलेखांनी लिहायला हवे होते ते पोरांनी तालावर म्हटले. आम्हा संपादकांना याची लाज वाटली पाहिजे, आणि वाटते.

आता जून २०२१ आठवा. एमसी कोड हा दिल्लीच्या सायफरचा (पोरे बागेतल्या त्या गोलाला सायफर म्हणतात) जुना माणूस. २०१६ च्या एका रॅप बॅटलमधली त्याची चित्रफीत पाच वर्षांनी कुणीतरी उकरून काढली. त्यात धर्माबद्दल शिवराळ बोलणे होते. ते आम्हाला पटत नाही, आणि त्यानेही माफी मागितली होती. पण माफी ऐकायला आलेलाच कोण होता? धमक्यांचा पाऊस पडला. यमुनेच्या पुलावरून निरवानिरवीचे चार शब्द लिहून पोरगा बेपत्ता झाला. आठवडाभर त्याच्या आईने कसे काढले असतील? सुदैवाने जबलपूरला जिवंत सापडला. बॅटल हा खेळच मुळी प्रतिस्पर्ध्याला शब्दांनी लोळवण्याचा. शब्द चुकला तर शब्दाने ठेचा, कायदा मोडला तर कोर्टात खेचा. वीस-बावीस वर्षांच्या पोराला नदीच्या कठड्यापर्यंत रेटण्याचा अधिकार कुठल्या धर्माने दिला?

सीमेपलीकडे हरियाणाची बहादुरी बघा. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने बंदुकांचे कौतुक करणारी गाणी यूट्यूबवरून उतरवली. गुरुग्रामच्या कार्यक्रमात मासूम शर्मा या गायकाच्या हातातला माइक पोलिसांनी काढून घेतला. शाबास! पुढे १४ जुलैला त्याच गुरुग्राममध्ये सदर्न पेरिफेरल रस्त्यावर फाजिलपुरिया या गायक-रॅपरच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या, थोडक्यात वाचला. ऑगस्टमध्ये यूट्यूबर एल्विश यादवच्या घरावर गोळीबार. गाण्यातले पिस्तूल सरकारला दुरून ऐकू आले, रस्त्यावरचे पिस्तूल जवळून दिसले नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! बंदुकीची गाणी आम्हालाही नकोत. पण ज्या मुलखात नाव कमावलेल्या पोराला खंडणीखोराचा फोन येतो, तिथे माइक हिसकावून फौजदाराला छाती फुगवता येते, गोळ्या सुटायच्या आधी गुंडापर्यंत पोचता येत नाही.

या पोरांची पाठ मात्र आम्ही थोपटणार नाही. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर देश रस्त्यावर उतरला, तेव्हा रॅपर हनी सिंगच्या नावावर फिरणाऱ्या एका गलिच्छ गाण्यावरून गुरुग्राममधला त्याचा नववर्षाचा कार्यक्रम बंद पडला. ते गाणे आपले नव्हे, असे तो सांगत राहिला. आपल्या नागपुरात पाचपावली ठाण्यातही त्याच्या गाण्यांची तक्रार गेली आणि २०२२ मध्ये कोर्टाने आवाजाचे नमुने द्यायला लावले. ते प्रकरण बाजूला ठेवा. आजही सायफरच्या गोलात मुलगी किती वेळा दिसते? आईबहिणीवरून शिवी दिली की टाळी मिळते, हे पोरांना पाठ झाले आहे. सत्तेला शिवी द्यायला छाती लागते रे, आईला द्यायला काय लागते? आणि ज्या संगीत कंपन्या, ज्या वाहिन्या बाटली, गाडी आणि ‘माल’ यांच्या गाण्यावर पैसा ओततात आणि गटारात मेलेल्या सफाई कामगारावरच्या गाण्याला ‘हे चालणार नाही’ म्हणतात, त्यांचे पाप पोरांपेक्षा मोठे.

इथे मराठी वाचक गालात हसत असेल, दिल्लीच ती! हसू नका. शाहिरांचे कलगी-तुरे म्हणजे दुसरे काय होते? सवाल टाकायचा, जवाब आला नाही की फड हरला. ही बॅटल आपल्या आजोबांनी जत्रेत रात्ररात्र जागून ऐकली आहे. त्याच तमाशावर स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारने बंदीचा वरवंटा फिरवला, आणि अण्णा भाऊ साठ्यांनी त्याला ‘लोकनाट्य’ म्हणून पुन्हा उभे केले. ही फार जुनी गोष्ट वाटते? मग एप्रिल २०२३ घ्या. सत्तांतरातल्या खोक्यांवर रॅप केले म्हणून संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथला गुन्हा, जनतेच्या हालांवर गायला म्हणून उमेश खाडेवर मुंबईत गुन्हा, आणि पुणे विद्यापीठाच्या वास्तूत रॅप चित्रित केले म्हणून शुभम जाधववर गुन्हा. एकाच महिन्यात तीन! दिल्लीचा दंडुका आणि मुंबईचा दंडुका एकाच लाकडाचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण दिल्लीच्या तालकटोरा स्टेडियममध्ये साहित्य संमेलन भरवले, लोकसंस्कृतीच्या अभ्यासक तारा भवाळकरांना अध्यक्षपदी बसवले, ओवीचे आणि लोकगीताचे गोडवे गायले. ओवी जात्यावर होती तोवर तिलाही कोणी साहित्य म्हणत नव्हते. त्या मांडवाबाहेर, त्याच शहराच्या गल्लीत आजची ओवी बेवारस उभी होती, तिच्याकडे आपले लक्ष गेले का?

न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये १९७३ साली हे रॅपचे संगीत जन्मले, तेव्हा तिथली पोरे रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबातून वीज घेऊन बागेत कार्यक्रम करत. चोरीच ती; पण त्या चोरीतून जगभरचा धंदा उभा राहिला आणि त्याच धंद्याला दिल्लीने २०२५ मध्ये पायघड्या घातल्या. दिल्लीच्या पोरांनी खांबाला हात लावू नये, असे वाटत असेल तर सरकारने स्वतः वीज द्यावी. दिल्ली महापालिकेचे २५० वॉर्ड आहेत. प्रत्येक वॉर्डातल्या एका बागेत एक ओटा बांधा, त्यावर एक प्लग आणि एक दिवा लावा. आठवड्यातून तीन संध्याकाळी तो ओटा विनापरवाना, विनाशुल्क, विनावयोमर्यादा उघडा ठेवा, मुलींना निर्धास्त येता यावे म्हणून तिथे एक महिला कॉन्स्टेबल उभी करा, आणि तिला पोरांना हाकलण्याचे काम देऊ नका. कायद्याप्रमाणे रात्री दहाला आवाज बंद व्हायचा आहे, तो पोरे स्वतः बंद करतील. दहापर्यंत मात्र कोणीही मध्ये येऊ नये.