वादळ चुकते, झोप चुकत नाही

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला गेलेले आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे असा सगळा गोतावळा मोटरहोम भाड्याने घेऊन फिरायला निघतो, हे दृश्य आता मराठी घरांत नवलाचे राहिलेले नाही. स्वयंपाकाचा ओटा, बिछाने, संडास असे सारे पोटात घेतलेली ही मिनीबसएवढी गाडी. तिकडे तिला आरव्ही म्हणतात. आजोबांना वाटेल तेव्हा पाठ टेकता येते, चहा केव्हाही होतो, हॉटेलाचा खर्च वाचतो. अडचण एकच. मे-जून हा तिकडच्या मधल्या सपाट प्रदेशातला गारपिटीचा आणि चक्रीवादळांचाही हंगाम असतो. मग मोबाइलवरच्या रडारवर लाल-जांभळे ठिपके दिसू लागले की गाडीत ठराव होतो : वादळ यायच्या आत निघून जाऊ, आज थोडे जास्त चालवू. या ‘थोडे जास्त’मध्येच खरा धोका दडलेला असतो.

डेन्व्हर ते ओमाहा हे अंतर घ्या. सुमारे ८७० किलोमीटर. मोटरहोम ताशी सरासरी ९० किलोमीटरने गेली तरी नुसते चालवण्याचेच जवळपास १० तास होतात. इंधन, जेवण, मुलांची आणि ज्येष्ठांची शू यांचा दीड तास धरा. पूर्वेकडे जाताना नेब्रास्कात घड्याळ एक तास पुढे सरकते, तो तासही गेला. सकाळी सहाला निघालेली गाडी कशीबशी संध्याकाळी सव्वासहाला पोहोचते. वाटेत वादळ टाळण्यासाठी दीड-दोनशे किलोमीटरचा वळसा घेतला तर रात्रच.

आता निसर्गाचे घड्याळ पाहू. दिवसभर तापलेल्या जमिनीवरची दमट हवा वर चढते आणि दुपार उलटल्यावर तिचे ढग गडगडू लागतात. अमेरिकेत टोर्नेडो सर्वाधिक होतात ते दुपारी चार ते रात्री नऊ या वेळेत. माणसाच्या शरीराचेही घड्याळ असते. त्यात पहाटेचा काळ सर्वांत मंद आणि दुपारी दोन ते चार हा दुसरा उतार. जेवलेले असो वा नसो, त्या वेळी डोळे जड होतातच. म्हणजे आभाळ बिघडायला लागते, त्याच्या जरा आधी चालक मंदावलेला असतो. पुढे अंधार, पाऊस आणि थकवा एकत्र येतात.

थकवा म्हणजे नेमके किती? ऑस्ट्रेलियातील ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले, की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके घसरते. भारतात वाहनचालकासाठी मर्यादा ०.०३ टक्के आहे. आवराआवर करायला पहाटे चारला उठलेल्या बाबांचे १७ तास रात्री नऊला भरतात. घोटभरही न घेता ते आपल्या कायद्याच्या रेषेपलीकडे गेलेले असतात. ताशी १०० किलोमीटर वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे १११ मीटर अंतर कोणीही न चालवलेली गाडी. डुलकी लागली होती, हे पुष्कळदा ती घेणाऱ्यालाच कळत नाही.

मालवाहू ट्रकच्या चालकाला अमेरिकेत कायदा दिवसाला ११ तासांवर चालवू देत नाही. सलग आठ तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची. सुट्टीवर निघालेल्या कुटुंबप्रमुखाला असले बंधन नाही. पावणेबारा टनांच्या आतली मोटरहोम बहुतेक राज्यांत साध्या मोटारीच्या परवान्यावर चालते. आदल्या आठवड्यापर्यंत सेडान चालवणारा माणूस थेट साडेतीन मीटर उंचीच्या भिंतीसारख्या गाडीत बसतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा दीडपट झाला की बाजूने बसणारा रेटा सव्वादोन पट. वायोमिंगमध्ये इंटरस्टेट ८०चा लॅरमी-रॉलिन्स भाग वाऱ्यापायी हलक्या, उंच गाड्यांना वारंवार बंद केला जातो, तो उगीच नाही.

आणि ही गाडी म्हणजे घर नव्हे. पूर्ण धातूच्या मोटारीत विजेपासून संरक्षण मिळते. फायबर-प्लायवूडच्या भिंतींचा तसा भरवसा नाही. टोर्नेडोत ती मुळीच आसरा देत नाही. वादळात पुलाखाली थांबण्याची अनेकांना सवय असते. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात अशा पुलांखाली थांबलेल्यांपैकी काही जण दगावले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो. पेट्रोल पंपाची किंवा विश्रांतिस्थळाची पक्की इमारत गाठणे हाच मार्ग.

झोप येऊ लागली की काच खाली करायची, गाणी मोठ्याने लावायची, हे सगळीकडचेच तोडगे. इंग्लंडमधील लाफबरो विद्यापीठाच्या लुईस रेनर आणि जिम हॉर्न यांनी ते तपासले, तेव्हा फायदा नाममात्र आणि थोडा वेळच टिकणारा निघाला. उपयोगी पडली ती कॉफी आणि पाऊण-एक घटकेची डुलकी. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून ती पिऊन लगेच आडवे व्हायचे. मागे बिछाना असताना चालकानेच तेवढे बसून राहावे, याला काय म्हणावे?

आरव्हीवाल्या मुरलेल्या मंडळींत तीनाचा एक नियम सांगतात : दिवसाला तीनशे मैल, दुपारी तीनच्या आत मुक्काम, मुक्काम तीन दिवसांचा. प्रयोगशाळेत न जाता सापडलेले हे शहाणपण शरीराच्या आणि ढगांच्या दोन्ही घड्याळांत चपखल बसते. ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ अंदाज केंद्र आठ दिवस आधीपासूनचे नकाशे देते. निर्णय आदल्या रात्री, डोके ताजे असताना घेता येतो. एक मुक्काम वाढला तर बुकिंगचे पैसे जातील. ते प्रवासाच्या खर्चात आधीच धरलेले बरे.

थांबण्यातही काळजी लागतेच. चार तासांहून लांबच्या बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याची शक्यता साधारण दुपटीने वाढते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात म्हटले होते. मूळ धोका लहान असला तरी आजींना दर दोन तासांनी चार पावले चालवावे. पावसात दारे-खिडक्या लावून जनरेटर सुरू ठेवून झोपू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडीतला सूचक यंत्राचा दिवा लागतो का, हे गाडी ताब्यात घेतानाच पाहावे.

हे सारे परदेशातलेच, असेही नाही. आपल्याकडे १९६१ च्या कायद्याने पगारी मोटार कामगाराला दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. स्वतःची गाडी हाकणाऱ्याला कोणी विचारत नाही. सकाळी सहाला उठून, कचेरी उरकून, ‘पाऊस वाढायच्या आत निघू’ म्हणत गणपतीसाठी रात्री नऊला मुंबई सोडणाऱ्याचे १७ तास अकरा वाजता भरतात. तेव्हा गाडी फार तर पेण-वडखळच्या आसपास असते. माणगाव, महाड आणि पावसातला परशुराम घाट अजून पुढे असतो.