फोटोविना पुरावा चालवा : हिंगोली जिल्ह्यातील शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी आणि मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक व माध्यमिक), जिल्हा परिषद, हिंगोली

विषय : अल्पवयीन विद्यार्थ्यांचा समाजमाध्यमांवरील वावर व शाळेतून पसरणारी त्यांची छायाचित्रे

महोदय,

जनरल रजिस्टरमधली जन्मतारीख शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेशिवाय बदलता येत नाही. एका अंकाची खाडाखोड दिसली तरी मुख्याध्यापकाला खुलासा द्यावा लागतो. त्याच रजिस्टरमधला सहावीचा मुलगा इन्स्टाग्रामवर खाते उघडताना अंगठ्याने वर्ष सरकवत 2003 वर आणतो आणि बसल्या जागी सज्ञान होतो. कंपनीची स्वतःची अट 13 वर्षांची आहे. ती किती पाळली जाते, हे वर्गात एकदा हात वर करायला सांगितले की कळते.

मात्र आम्ही मुलांची तक्रार घेऊन आलेलो नाही. आमचा पेच वेगळा आहे. परिपाठाला सांगायचे, अनोळखी माणसाला फोटो देऊ नका. आणि दुपारी खिचडीची पंगत बसली की त्याच मुलांचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. वृक्षारोपण असो, प्रभातफेरी असो की प्रवेशोत्सव, उपक्रम झाल्याचा पुरावा म्हणजे फोटो, आणि हल्ली रील. तो केंद्राच्या ग्रुपवरून तालुक्याच्या ग्रुपवर जातो. पुढचा प्रवास कोणालाच ठाऊक नसतो. शाळेचा फलक, गावाचे नाव आणि मुलीचा चेहरा, सगळे एकाच चौकटीत. अशाने आमच्या परिपाठावर मुलांनी विश्वास का ठेवावा?

नोव्हेंबर 2016 मध्ये तर शासनाने विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती ‘सरल’ या शासकीय संगणक प्रणालीवर टाकण्याचा निर्णयच काढला होता. शिक्षकांच्या विरोधामुळे तो बारगळला, पण फोटो मागण्याची सवय राहिली. पुढे 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, अभ्यास व्हॉट्सॲपवर गेला आणि ज्या घरात एकच साधा फोन होता तिथे उसनवारी करून स्मार्टफोन आला. शाळा उघडल्यावर अभ्यास वहीत परतला. फोन परतला नाही.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, 2023 नुसार 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती हवी. त्याच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, मुख्य तरतुदी लागू होण्यास त्यानंतर 18 महिन्यांची मुदत आहे. कायदा चांगला आहे, पण आपल्या जिल्ह्यात ही संमती कशी घेतली जाईल ते पाहा. दिवाळी झाली की वाडी-तांड्यावरची जोडपी ऊसतोडीला जातात. मुलगी आजीजवळ राहते. ‘बोलता यावं’ म्हणून वडील फोन घरी ठेवून जातात. सिम वडिलांच्या नावावर, ओटीपी मुलीच्या हातात. म्हणजे संमती मागणारी तीच आणि देणारीही तीच. दिल्लीत नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हे घर असेल असे वाटत नाही.

सरसकट बंदी आम्ही मागत नाही. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालील मुलांची खाती बंद केली. शेजारच्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने 2022 मध्येच 18 वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला होता. हेतूबद्दल दुमत नाही. पण चोरून उघडलेल्या खात्यावर कोणी छळले, तर बंदी मोडलेले मूल ते सांगणार कोणाला? त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातले मोहित्यांचे वडगाव आम्हाला जवळचे वाटते. तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात, मोठ्यांचेसुद्धा. आपल्या जिल्ह्यातील ग्रामसभांपुढे हा विषय ठेवण्याचे पत्र पंचायत विभागाने काढावे.

आमची मुख्य मागणी अशी : आदेश कोणत्याही कार्यालयाचा असो, मुलांचे चेहरे दिसणारा फोटो किंवा चित्रफीत उपक्रमाचा पुरावा म्हणून मागू नये. मुख्याध्यापकाच्या सहीचा अहवाल पुरेसा मानावा. फोटो लागतच असेल तर लावलेल्या रोपाचा घ्या, मुलांनी काढलेल्या चित्रांचा घ्या. जुने फोटो ग्रुपवरून काढून टाकण्याची लेखी सूचना द्यावी.

दुसरे, संमतीपत्र सोप्या मराठीत असावे आणि ते पालक ऊसतोडीला जाण्यापूर्वी, समोर बसवून, वाचून दाखवून घ्यावे. ‘नाही’ म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला स्नेहसंमेलनातून वगळू नये.

तिसरी मागणी तातडीची आहे. मुलीचा फोटो बदलून फिरवला गेला की शिक्षकाची दोन्हीकडून कोंडी होते. लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सोच्या कलम 19 नुसार कळवणे बंधनकारक, इकडे पालक हात जोडतात, “गुरुजी, गावात बोभाटा नको.” पीडित मुलीची ओळख उघड करणे गुन्हा असूनही नाव संध्याकाळपर्यंत गावभर झालेले असते. अशा वेळी थेट बोलता येईल अशी एक महिला पोलीस अधिकारी प्रत्येक तालुक्याला नेमून द्यावी. 1098 हा चाइल्डलाइनचा मदत क्रमांक सर्व शाळांच्या दर्शनी भिंतीवर रंगवावा, त्यासाठी वेगळा निधी द्यावा.

चौथे, गृहपाठ व्हॉट्सॲपवर पाठवण्याची सक्ती कुठे असल्यास ती थांबवावी.

येत्या शैक्षणिक वर्षापासून आम्ही लेखी संमतीशिवाय कोणत्याही मुलाचा चेहरा दिसणारा फोटो पाठवणार नाही. हजेरी, पट आणि अहवाल नेहमीप्रमाणे वेळेवर मिळतील.

आपले,
जिल्ह्यातील प्राथमिक व माध्यमिक शिक्षक